गोवा, दमण आणि दीवची शेवटची विधानसभा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

30 मे जवळ आला की गोवा घटक राज्य कसं झालं यावर बोलणं सुरू होतं, आणि ते बहुतेक दिल्लीत काय ठरलं याच्याभोवतीच फिरतं. पणजीच्या ज्या सभागृहाने त्या दिवसापर्यंत 23 वर्षं कारभार पाहिला, त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल फार कमी लोक विचारतात. जे विचारतात त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

गोव्याला 1987 पूर्वीही विधानसभा होती का?

होती. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला. पुढच्या वर्षी बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला. 1963 साली संसदेने केंद्रशासित प्रदेशांच्या सरकारांचा कायदा केला आणि त्याखाली 9 डिसेंबर 1963 रोजी पहिली निवडणूक झाली. जागा 30 होत्या: 28 गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते. 9 जानेवारी 1964 ला सभागृह पहिल्यांदा भरलं. पहिले सभापती पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: तिकडे विधानसभेला 'अध्यक्ष' असतात आणि 'सभापती' विधान परिषदेला. गोव्यात विधान परिषद नाही, आणि विधानसभेच्या खुर्चीवर बसणाऱ्याला आम्ही सभापतीच म्हणतो.)

राज्याच्या विधानसभेपेक्षा तिचे अधिकार किती कमी होते?

वरवर पाहिलं तर फारसा फरक दिसत नसे. आमदार होते, मंत्री होते, प्रश्नोत्तराचा तास होता, अर्थसंकल्प मांडला जायचा. राज्य सूची आणि समवर्ती सूचीतल्या विषयांवर कायदे करता येत होते. कुळ कायदा याच सभागृहाने केला, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) कायदाही याच सभागृहाने. गोव्याच्या गावागावातलं जमिनीचं नातं बदलून टाकणारे हे कायदे एका 'दुय्यम' विधानसभेने केले आहेत, हे लक्षात ठेवावं.

फरक होता तो दोरी कोणाच्या हातात यात. अर्थसंकल्प सभागृहात मांडण्याआधी राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची, पूर्वमंजुरी लागायची. मंत्रिमंडळाने एक म्हटलं आणि नायब राज्यपालांनी दुसरं, तर प्रकरण राष्ट्रपतींकडे जायचं आणि तिकडून येईल तो निर्णय. विधानसभेने केलेला कायदा संसदेच्या कायद्याशी भिडला तर संसदेचा टिकायचा. आणि राज्यसभेत या प्रदेशाचा एकही सदस्य नव्हता. पंचवीस वर्षांत एकही नाही.

हा कारभार कसा असतो ते आज पाहायचं असेल तर पुदुच्चेरीकडे बघा. 1963 चा तो कायदा सुरुवातीला पाच प्रदेशांसाठी होता: हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा, पुदुच्चेरी आणि गोवा-दमण-दीव. हिमाचल 1971 साली राज्य झालं, मणिपूर आणि त्रिपुरा 1972 साली. आपण थांबलो 1987 पर्यंत. पुदुच्चेरी अजून थांबलेलं आहे.

ती विधानसभा कुठे भरायची?

पणजीत मांडवीच्या काठावर, आदिलशहाच्या राजवाड्यात. गोंयकार, म्हणजे गोव्याचे लोक, त्याला जुनं सचिवालय म्हणतात. आधी आदिलशाही, मग पोर्तुगीज व्हाइसरॉय, मग मुक्त गोव्याचं सचिवालय, असा त्या वास्तूचा प्रवास. शेजारीच संमोहनविद्येसाठी प्रसिद्ध असलेल्या आबे फारियाचा पुतळा आहे, खाली पडणाऱ्या बाईवर दोन्ही हात पसरून उभा असलेला. लहानपणी बाबांचा हात धरून त्या रस्त्याने जाताना मला त्या पुतळ्याची भीती वाटायची, आणि बाबा म्हणायचे, "त्याच्याकडे नको, इकडे बघ, इथे आपले कायदे होतात." विधानसभा पर्वरीच्या नव्या संकुलात गेली ती 2000 साली.

शेवटचं अधिवेशन म्हणजे नेमकं कुठलं?

कायद्याच्या दृष्टीने ती विधानसभा 29 मे 1987 पर्यंत अस्तित्वात होती. पण 'शेवटचं अधिवेशन' म्हटल्यावर जाणत्या माणसाच्या डोळ्यांपुढे येते ती एकच तारीख: 4 फेब्रुवारी 1987. त्या दिवशी सभागृहाने राजभाषा विधेयक मंजूर केलं. राज्य होण्याआधी या विधानसभेच्या हातून झालेलं सर्वांत मोठं काम ते. 4 फेब्रुवारी ते 30 मे, चार महिनेही नाहीत. तेव्हा मुख्यमंत्री होते प्रतापसिंह राणे, सभापती दयानंद नार्वेकर आणि नायब राज्यपाल डॉ. गोपाल सिंग.

त्या विधेयकात काय होतं?

तीन भाषांची तीन वेगवेगळी स्थानं. देवनागरी लिपीतली कोंकणी ही राजभाषा. मराठीचा वापर सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी करता येईल अशी तरतूद. दमण आणि दीवसाठी गुजरातीची सोय. इंग्रजीचा चालू वापर बंद झाला नाही.

हे विधेयक आणण्याचा अधिकार सभागृहाला 1963 च्या कायद्यातच होता. प्रदेशात वापरात असलेल्या भाषांपैकी एक किंवा अधिक भाषा शासकीय कामासाठी स्वीकाराव्यात, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे अधिकार मिळाल्यापासून 23 वर्षं ते सभागृह या विषयाला हात घालू शकत होतं. घातला तो निरोपाच्या उंबरठ्यावर. मला वाटतं त्याला कारण आहे. मगोच्या सत्तेच्या काळात मराठी हीच स्वाभाविक भाषा मानली जात होती, कोंकणीवाल्यांकडे बहुमत नव्हतं, आणि प्रश्न उघडला तर घरं फुटतील याची भीती दोन्हीकडे होती.

मग मराठी गोव्याची राजभाषा आहे की नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून कोणीच समाधानी होत नाही. कायद्याच्या शब्दांत राजभाषा कोंकणी. मराठीला 'राजभाषा' हे नाव नाही, पण वापराचा हक्क आहे. मराठीत अर्ज करता येतो. मराठीप्रेमींना नाव हवं होतं, ते मिळालं नाही. रोमी (रोमन) लिपीत कोंकणी लिहिणाऱ्यांची, त्यात बहुसंख्य ख्रिस्ती समाजाची, वेगळी खंत आहे. त्यांची कोंकणी राजभाषा झाली, पण त्यांची लिपी व्याख्येतून बाहेर राहिली. चळवळीत रस्त्यावर उतरलेल्यांत हे लोक मोठ्या संख्येने होते, त्यामुळे त्यांचं दुःख मला समजतं.

मी स्वतः मराठी लिहितो. आमच्या घरात बोलणं कोंकणी, संध्याकाळचा हरिपाठ मराठी, सकाळचं वर्तमानपत्र मराठी, भांडण पुन्हा कोंकणीत. डिचोली, पेडणे, सत्तरीकडच्या हजारो घरांत हेच आहे. त्यामुळे 'तुम्ही कोणत्या बाजूचे' असं कोणी विचारलं की मी अडखळत नाही: मराठी माझी आहे, आणि कोंकणीला राजभाषा केलं ते योग्य केलं.

प्रकरण इतकं पेटलं कसं?

जुलै 1985 मध्ये आमदार लुईझिन फालेरो यांनी कोंकणी राजभाषा करण्यासाठी खासगी विधेयक आणलं. सभागृहाने ते फेटाळलं. त्यानंतर 'कोंकणी पोरजेचो आवाज' या झेंड्याखाली चळवळ उभी राहिली. उलट बाजूने मराठीला राजभाषेचं स्थान मिळावं म्हणून आंदोलन सुरू झालं, माजी मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर त्यात अग्रभागी होत्या. 1986 च्या डिसेंबरात रस्ते अडवले गेले, झाडं आडवी टाकली गेली, जाळपोळ झाली, माणसं मेली. कोंकणी चळवळ आपल्या सात हुतात्म्यांची आठवण आजही ठेवते.

1985 साली ज्या सत्ताधाऱ्यांनी फालेरोंचं विधेयक पाडलं, त्यांच्याच सरकारने दीड वर्षात राजभाषा विधेयक आणून मंजूर करून घेतलं. सभागृहही तेच होतं, 1984 च्या निवडणुकीत निवडून आलेलं. कोणी याला माघार म्हणेल. मला ती शहाणपणाची गोष्ट वाटते. भाषेचा प्रश्न तसाच पेटता ठेवून घटक राज्य झालं असतं तर नव्या राज्याचा पहिला दिवस संचारबंदीत गेला असता.

विधानसभेने घटक राज्यासाठी मतदान केलं म्हणून राज्य झालं ना?

नाही, आणि हे ऐकून लोक चमकतात. राज्याची निर्मिती संसदेच्या कायद्याने होते, घटनेच्या कलम 3 खाली. एखाद्या राज्याची हद्द किंवा नाव बदलायचं असेल तर राष्ट्रपती ते विधेयक त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत देण्यासाठी पाठवतात. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की या अटीपुरता 'राज्य' या शब्दात केंद्रशासित प्रदेश येत नाही. म्हणजे गोवा, दमण आणि दीवच्या पुनर्रचनेचं विधेयक पणजीच्या सभागृहाकडे मत विचारायला पाठवण्याचं कोणतंही बंधन दिल्लीवर नव्हतं.

ज्या सभागृहाचं रूप बदलणार होतं, त्याला त्या बदलावर कायद्याने आवाज नव्हता. घटक राज्याची मागणी वर्षानुवर्षं झाली, सगळ्या पक्षांनी केली. पण निर्णय संसदेचा. म्हणूनच राजभाषा विधेयकाचं मोल मला जास्त वाटतं. आपलं राज्य कधी होणार हे त्या 30 जणांच्या हातात नव्हतं, ते राज्य कोणत्या भाषेत बोलेल हे मात्र होतं, आणि तेवढं त्यांनी ठरवलं.

पण 1967 च्या जनमत कौलात लोकांनी घटक राज्य मागितलं होतं, हे खरं का?

तो पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. 16 जानेवारी 1967 ला प्रश्न इतकाच होता की गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा. विलीनीकरणाची खूण फूल, विरोधाची दोन पानं. विलीनीकरणाच्या विरोधात 1,72,191 मतं पडली आणि बाजूने 1,38,170. फरक 34,021 मतांचा. ज्या दिवशी महाराष्ट्राचा रस्ता बंद झाला, त्या दिवसापासून घटक राज्याचा रस्ता उघडा झाला असं म्हणता येईल. पण तो चालायला आणखी वीस वर्षं लागली. या मतदानाआधी विधानसभा बरखास्त केली होती, आणि कौल विरोधात जाऊनही पुढच्याच निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांनी विलीनीकरण नाकारलं, भाऊंना नाही.

30 मे 1987 ला जुनी विधानसभा बरखास्त झाली का? नवी निवडणूक झाली का?

दोन्ही नाही. संसदेने केलेल्या छप्पन्नाव्या घटनादुरुस्तीला आणि पुनर्रचना कायद्याला 23 मे रोजी संमती मिळाली, आणि 30 मे हा ठरलेला दिवस. त्या कायद्यात सोय अशी होती की नवीन निवडणूक होईपर्यंत गोव्याच्या मतदारसंघांतून निवडून आलेले सदस्य मिळून नव्या राज्याची हंगामी विधानसभा होईल. म्हणजे 28 आमदार एका प्रदेशाचे आमदार म्हणून झोपले आणि एका राज्याचे आमदार म्हणून उठले. सभापती तेच, मुख्यमंत्री राणेच. डॉ. गोपाल सिंग 29 मेला नायब राज्यपाल होते, 30 मेला गोव्याचे पहिले राज्यपाल. गोवा देशातलं 25 वं राज्य ठरलं. त्याच वर्षी 20 फेब्रुवारीला मिझोराम आणि अरुणाचल प्रदेश राज्य झाले होते.

28 म्हणता, मग बाकीचे दोघे?

दमणचा एक आणि दीवचा एक. 30 मेपासून त्यांचं आमदारपद संपलं. त्यांच्या मतदारांनी त्यांना पाच वर्षांसाठी निवडून दिलं होतं, निम्मीच वर्षं झाली होती. कोणी त्यांना हरवलं नाही, कोणी अपात्र ठरवलं नाही. ते ज्या जागेवरून निवडून आले ती जागाच उरली नाही.

आपण गोव्यात 30 मे साजरा करतो तेव्हा ही बाजू कोणी बोलत नाही, आणि ती मला आतून टोचते. दमण गुजरातच्या किनाऱ्यावर वापीजवळ, दीव तर काठेवाडच्या टोकाला. पणजीपासून शेकडो किलोमीटर दूर. पोर्तुगीजांच्या राजवटीने ही तीन ठिकाणं एकत्र बांधली होती, भूगोलाने नव्हे. त्यामुळे वेगळं होणं तर्काला धरून होतं. पण गोव्याला जास्त अधिकारांची विधानसभा मिळाली आणि त्याच दिवशी दमण-दीवची होती तीही गेली. 1981 च्या जनगणनेनुसार तिथे सुमारे 79 हजार लोक राहत होते. 23 वर्षं त्यांचा माणूस सभागृहात उभा राहून मंत्र्याला प्रश्न विचारू शकत होता. 30 मेनंतर लोकसभेचा एक खासदार मिळाला, पण विधानसभा नाही. 26 जानेवारी 2020 पासून दमण-दीव दादरा आणि नगर हवेलीबरोबर एक झाले. विधानसभा आजही नाही.

ते दोघे सदस्य त्या सभागृहात गुजरातीच्या तरतुदीसह मंजूर झालेल्या राजभाषा कायद्याचे सहभागी होते. चार महिन्यांत त्यांना तिथे बसायला खुर्ची नव्हती.

विधानसभेच्या 40 जागा कुठून आल्या?

पुनर्रचना कायद्यातून. इथे घटनेची एक अडचण होती. कलम 170 प्रमाणे राज्याच्या विधानसभेत किमान 60 सदस्य हवेत. दहा लाखांच्या गोव्याला 60 आमदार म्हणजे जरा जास्तच झालं असतं. म्हणून छप्पन्नाव्या दुरुस्तीने कलम 371-आय घातलं: गोव्याच्या विधानसभेत किमान 30 सदस्य असतील. प्रत्यक्षात 40 ठरले. त्या 40 जागांवर पहिली निवडणूक झाली नोव्हेंबर 1989 मध्ये. काँग्रेसला 20, मगोला 18, अपक्ष 2. अशा आकड्यांवर उभं राहिलेलं राज्य पुढे किती राजकीय अस्थिरता पाहणार होतं, ते गोंयकारांना सांगायची गरज नाही.

राज्य झाल्यावर सामान्य माणसाच्या आयुष्यात काय बदललं?

पहिल्या दिवशी फार थोडं. उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे काणकोण-सांगेच्या माणसाला जिल्हाधिकाऱ्याकडे जायला पणजीऐवजी मडगाव जवळ आलं. अर्थसंकल्पाआधीची दिल्लीची पूर्वमंजुरी गेली. राज्यसभेत एक जागा मिळाली. केंद्रीय करांतल्या वाट्याचा हिशोब वित्त आयोगामार्फत होऊ लागला, कारण वित्त आयोग राज्यांसाठी असतो.

काही गोष्टी मात्र तशाच राहिल्या. उच्च न्यायालय मुंबईचंच राहिलं, त्याचं खंडपीठ पणजीत आधीपासून होतं. आयएएस अधिकारी आजही अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांबरोबरच्या एकत्र केडरमधून येतात.

आजच्या विधानसभेला 'आठवी' का म्हणतात? 1963 पासून मोजलं तर आकडा जुळत नाही.

नाहीच जुळणार. मोजदाद 1989 पासून, राज्याच्या पहिल्या निवडणुकीपासून करतात. 2022 साली निवडून आलेली विधानसभा त्या हिशोबाने आठवी. त्याआधी 1963, 1967, 1972, 1977, 1980 आणि 1984 अशा सहा निवडणुका झाल्या होत्या, त्या या आकड्यात येत नाहीत. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांनी हे घोकून ठेवावं, दरवर्षी मुलं इथे चुकतात.

मुंडकाराच्या अर्जावर अजून 'दमण आणि दीव' का लिहावं लागतं?

कारण जुने कायदे त्यांच्या जुन्या नावांनिशी चालू राहिले. मामलेदाराकडे मुंडकारपणाचा अर्ज करायचा तर वर लिहावं लागतं: गोवा, दमण आणि दीव मुंडकार (निष्कासनापासून संरक्षण) कायदा, 1975. कुळ कायदा 1964 चा, जमीन महसूल संहिता 1968 ची, दोन्हींचं नाव तसंच. राजभाषा कायदासुद्धा आजही 'गोवा, दमण आणि दीव राजभाषा कायदा, 1987' याच नावाने ओळखला जातो.

आमच्या आजोबांची मुंडकाराची फाईल घरात आहे. पिवळी पडलेली, सुतळीने बांधलेली, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. तिच्यातला शेवटचा कागद राज्य झाल्यानंतरचा आहे. शिक्क्यात नुसतं 'गोवा' आहे, आणि त्याच्या वर टाईप केलेल्या ओळीत कायद्याच्या नावात दमण आणि दीव.